आमच्या साडूंची नजर

३ सप्टेंबर, रविवार

ही वही हिनं आणून दिली. म्हणाली, "तुम्हाला जे काय बोलायचंय ते आता हिच्याशी बोला. माझे कान किटले." सलून मुलीच्या ताब्यात दिल्यापासून मी घरीच असतो, आणि घरात गिऱ्हाईक नाही ही खरी अडचण. गिऱ्हाइकाची मान आपल्या हातात असते, गळ्याशी वस्तरा असतो, ते बिचारं निमूट ऐकतं. बायको निमूट ऐकत नाही.

तर उद्यापासून मला सकाळी सकाळी तळ्यावरच्या बागेत धाडायचं ठरलं आहे. बरोबर साडूभाऊ, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणींनी फोनवर ठरवलं आणि मग आम्हाला कळवलं. साडूभाऊंचं चष्म्याचं दुकान. निम्मं गाव त्यांच्या काचेतून जग बघतं. यंदा उन्हाळ्यात एकाएकी दुकान भाच्याच्या हवाली करून मोकळे झाले. का, तर म्हणे कंटाळा आला. माणूस पहिल्यापासून तुटक. मी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा त्यांचा एक "हं" निघतो. आणि आता रोज सकाळी ते आणि मी!

"तुम्ही बोला, ते ऐकतील. जोडी झकास जमली," ही म्हणाली. टोमणा कळला मला. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

४ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. त्यांच्या दारात गेलो तर मेहुणी बाहेरच उभी. "भाऊजी, त्यांना जरा धरून न्या हं. वाट ओली असते सकाळी."

"अगं, ते काय तान्हे आहेत?" मी म्हणालो. ती हसली, पण आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत फाटकाशी उभी होती. नवऱ्यावर जीव फार.

बाग मात्र झकास. उन्हाळ्याची धग गेली आहे, गवतावर दव आहे, झाडांच्या पानांच्या कडा पिवळ्या व्हायला लागल्यात. तळ्यावर धुकं, दुधावर साय धरावी तसं. साडूभाऊंनी चालता चालता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं काही सांगायचंय. काही नव्हतं. हात मात्र तसाच राहिला, पार घरी येईपर्यंत. इतकी वर्षं लग्नकार्यात लांबून नमस्कार करणारा माणूस! वय झालं की माणूस मऊ होतो म्हणतात ते खोटं नाही.

आणि नजर काय सांगावी! मी आपला बोलत होतो, तर ते थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "डावीकडे. झुडपाच्या खाली." बघतो तर धोबी पक्षी. पांढरं पोट, गळ्याशी काळा पट्टा, शेपटी सारखी खालीवर. मी त्यांना सगळं वर्णन करून सांगितलं. "हो, दिसला," म्हणाले. मग परत, "वरच्या फांदीवर अजून दोन आहेत." मला ते दोन सापडायला किती वेळ लागला! आपण डोळे फाडून बघावं, यांना डोळे मिटून दिसतं.

मुलीची दुर्बीण नेली होती, ती पुढे केली. "नको. नुसत्या डोळ्यांनी बघण्यात मजा असते." शिष्टपणा अजून आहे थोडा.

९ सप्टेंबर, शनिवार

आज थर्मास नेला होता. साडूभाऊंना चहा ओतायला दिला तर कपात बोट घालून ओतला! चहा बोटाला लागला तेव्हा थांबले. एवढा गावातला प्रतिष्ठित दुकानदार आणि ही पद्धत. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण दुसऱ्या विषयावर.

बागेच्या उतारावर रानफुलं फुलली आहेत आणि त्यांच्यावर फुलपाखरांची जत्रा भरली आहे. पांढरी आहेत, पिवळी आहेत, नखाएवढी निळी आहेत, आणि एक जात तर अशी की नारिंगी पंखाला काळी किनार, जणू कुणी काजळानं आखली. मी ओरडलोच, "साडूभाऊ, अहो बघा!" ते तळ्याकडे तोंड करून बसले. "असतील," म्हणाले. फुलपाखरांत त्यांना अजिबात रस नाही. पक्षी म्हटलं की कान टवकारतात, फुलपाखरू म्हटलं की तोंड एवढंसं होतं. आवड एकेकाची.

पलीकडच्या काठाजवळ पाण्यात पाणकावळे बसतात. काळे, उंच मानेचे. रोज त्याच जागी, हलत म्हणून नाहीत. तपश्चर्येला बसल्यासारखे. मी दाखवले तर साडूभाऊ म्हणाले, "मघापासून तेच बघतोय." कधीतरी आमचं एकमत झालं.

१३ सप्टेंबर, बुधवार

माझ्या चष्म्याची दांडी ढिली झाली म्हणून बागेतून परस्पर त्यांच्या दुकानात गेलो. भाचा स्क्रू पिळत होता. समोर भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता, वर ढब्बू अक्षरं, खाली मुंगीएवढी. मला आपली खोड. म्हणालो, "साडूभाऊ, एवढी घारीची नजर तुमची, दारातून शेवटची ओळ वाचा बघू."

वाचली की! "म, र, ल, प, न, ग." घडाघडा, एका दमात. मला तक्ता कुठं संपतो तेही नीट कळत नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. भाचा कौतुक करायचं सोडून खाली मान घालून माझा तो एवढासा स्क्रू पिळतच बसला. आजकालच्या पोरांना मोठ्यांचं काही वाटत नाही.

सलूनमध्ये जाऊन खुर्चीतल्या दोन्ही गिऱ्हाइकांना सांगितलं. घरी हिला सांगितलं. ही क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, "हो का?" म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन बहिणीला फोन लावला. दार लावून. बहिणी-बहिणींचं काय चालतं देव जाणे.

१७ सप्टेंबर, रविवार

काय लिहू? हात चालत नाही.

बागेच्या फाटकाशी आज मोफत नेत्रतपासणीचा तंबू होता. माणसं रांगेत उभी. कुणाला वरची दोन अक्षरं दिसत होती, कुणाला तीन. साडूभाऊ म्हणाले, "चला, घरी जाऊ." पण मी कसला ऐकतोय? मला तर मिरवायचं होतं. "थांबा हो," म्हणालो, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "या वयात शेवटची ओळ वाचणारा माणूस बघायचाय का? हे आमचे साडू!" आणि खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या. म्हणाल्या, "वाचा काका, जमेल तेवढं."

साडूभाऊंनी मान ताठ केली आणि म्हणाले, "म, र, ल, प, न, ग."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. मला वाटलं, थट्टा करतायत. कारण समोरच्या तक्त्यावर अक्षरं नव्हतीच. आकडे होते.

"काका," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हा आकड्यांचा तक्ता आहे."

साडूभाऊ कधी थट्टा करत नाहीत, हे मला हसता हसता आठवलं. त्यांचं तोंड बघितलं आणि माझं हसू बंद झालं. खांद्यावरचा हात, कपातलं बोट, "हो, दिसला", सगळं एकदम माझ्या टाळक्यात शिरलं. आयुष्यभर तो एक तक्ता लोकांकडून वाचून घेतला त्यांनी. तो पाठ नसेल तर काय असेल? आणि मी गाढव टाळ्या वाजवत होतो.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. "आत्ता केलंत तर छान दिसेल. लांबवाल तितकं अवघड होईल. लांबवू नका." साडूभाऊ उठले, तंबूच्या खांबाकडे बघून "आभारी आहे" म्हणाले आणि चालायला लागले. माझा खांदा घेतला नाही. मी मागे धावलो, तर फाटकाशी थांबून म्हणाले, "तुम्हाला तमाशा हवा होता. झाला."

२० सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस साडूभाऊ येत नाहीत. मेहुणी दारातूनच सांगते, "डोकं दुखतंय म्हणतात."

मी एकटाच जातो. सकाळ तशीच छान असते, ऊन तसंच कोवळं असतं, पण मला एक पाखरू दिसत नाही. झाडात किलबिल चाललेली असते आणि मी खुळ्यासारखा पानं बघत उभा. आज एक बदक दिसलं. तेही मला बघून निघून गेलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

मेहुणी घरी आली होती. हिच्या गळ्यात पडून रडली. गेलं वर्षभर तिनं हे झाकून ठेवलं होतं, कारण त्यांनी शपथ घातली होती. हिला माहीत होतं. भाच्याला माहीत होतं. बहुधा आमच्या थर्मासलाही माहीत होतं. फक्त मला नव्हतं.

"आयुष्यभर लोकांना सांगत आले की मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे हसत हसत करून घ्यायचं काम," मेहुणी म्हणाली. "आणि स्वतःची वेळ आली तर म्हणतात, आत्ता सावल्या तरी दिसतात, बिघडलं तर त्याही जातील. रात्रंदिवस तेच. कुणाचंच ऐकत नाहीत हो, भाऊजी."

ती गेल्यावर ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही जा. एवढं तोंड दिलंय देवानं, एकदा तरी त्याचा उपयोग होऊ दे."

२२ सप्टेंबर, शुक्रवार

गेलो. रस्ताभर भाषण घोकत गेलो होतो. साडूभाऊ खिडकीशी बसले होते, हनुवटीवर चार दिवसांचे दाढीचे खुंट. त्यांना बघितलं आणि माझी दातखीळच बसली. जन्मात पहिल्यांदा. शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच, "तुमच्याशिवाय एक पक्षी दिसला नाही मला."

"आधी ऐकायचं असतं," ते म्हणाले. "तुम्ही बोलत असता."

"म्हणून तर तुम्ही पाहिजे."

"मग झालं तर. पक्षी मला ऐकू येतात. बाकी तुम्ही सांगता. बरं चाललं होतं की आपलं. ऑपरेशन कशाला हवंय?"

खरंच बरं चाललं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "उतारावर फुलपाखरं अजून आहेत. थंडी पडली की जातील."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "फुलपाखरू आवाज करत नाही हो."

त्यांना रस नाही म्हणून मी या वहीत लिहून ठेवलंय! उठून त्यांच्याजवळ गेलो. काय करावं सुचेना, म्हणून मेहुणीकडून गरम पाणी मागवलं आणि त्यांची दाढी करायला बसलो. हे काम मला येतं.

साबण लावल्यावर साडूभाऊ म्हणाले, "एक विचारू? वस्तरा धरताना तुमचा हात कधी थरथरला का?"

"रोज," मी म्हणालो. "दिवसातल्या पहिल्या गिऱ्हाइकाला रोज. गळा असतो तो माणसाचा."

"मग काय करता?"

"करायचं काय? गिऱ्हाइकाला कळू देत नाही. बोलत राहतो. बोलता बोलता हात स्थिर होतो."

त्यांनी मान वळवली. मी वस्तरा झटकन बाजूला घेतला, नाहीतर आज इथेच निकाल लागला असता. "म्हणजे तुम्ही घाबरता म्हणून बोलता?"

"आणि तुम्ही घाबरता म्हणून बोलत नाही," मी म्हणालो.

साडूभाऊ हसले. तोंडाला फेस, नाकाला फेस, आणि गदगदा हसत होते. आतून मेहुणी धावत आली, तिला वाटलं काय झालं. हसू आवरल्यावर त्यांनी माझं मनगट चाचपून धरलं.

"ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसून बोलत राहाल?"

"आत येऊ देत असतील तर आत येऊन बोलेन."

"नको. डॉक्टरांचा हात हलायचा."

२६ सप्टेंबर, मंगळवार

आज उजवा डोळा झाला. त्याच हसऱ्या डॉक्टरीणबाई. सकाळी जाऊन मी त्यांची गुळगुळीत दाढी करून दिली; डोळ्याच्या ऑपरेशनला दाढी कशाला, असं नर्सनं विचारलं, तिला काय कळणार.

आत नेल्यावर मी दाराशी बसून बोलत राहिलो. तळ्याबद्दल बोललो, धोब्याबद्दल बोललो, मग विषय संपले तेव्हा केसांच्या तेलाबद्दल बोललो. बाकावरचे लोक उठून लांब बसले. नर्स दोनदा बाहेर येऊन रागावली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "ते विचारतायत, थांबलात का?"

डोळ्यावर पट्टी आहे. छान झालं म्हणतात. पण पट्टी निघेपर्यंत छान म्हणजे काय? घास गिळवत नाही. देवा, त्यांच्या त्या सावल्या तेवढ्या काढून घेऊ नकोस.

२७ सप्टेंबर, बुधवार

मेहुणीचा फोन आला. ती रडत होती. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मग कळलं की हसतेय.

"पट्टी काढल्या काढल्या काय म्हणाले माहितेय, भाऊजी? 'या दवाखान्याला रंग कधी दिला होता?' म्हणाले! आणि आकड्यांचा तक्ता खालपर्यंत वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, हा पाठ नाही ना केलात?"

फोन ठेवला आणि टॉवेलात तोंड खुपसून रडलो. ही पाठीवर हात फिरवत होती. तीही रडत होती, पण कबूल करत नाही.

संध्याकाळी भेटायला गेलो. काळा चष्मा लावून राजासारखे बसले होते. "दुसरा डोळा पुढच्या महिन्यात," म्हणाले. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पण हप्त्यानं." साडूभाऊंनी विनोद केला! मी वहीत लिहून ठेवतोय, पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरीणबाईंनी धुळीत जायचं नाही या अटीवर परवानगी दिली आणि आज आम्ही निघालो. मेहुणी फाटकाशी उभी राहिली नाही. "या लवकर," म्हणाली आणि सरळ आत गेली. मला केवढं बरं वाटलं.

साडूभाऊ माझ्या पुढे चालत होते. खांद्यावर हात नव्हता. खरं सांगू, थोडं चुकल्यासारखं झालं. पण त्यांचं चालणं बघण्यासारखं होतं. दर दहा पावलांवर थांबायचे. बाकाचं लाकूड बघितलं. पानावरचं दव वाकून बघितलं. वाटेवरच्या एका गोगलगाईला त्यांनी इतका वेळ दिला की ती बिचारी संकोचली असेल. पाणी झळकत होतं, धुकं विरत होतं, एक बगळा पंख पसरून पाण्यावरून गेला तर साडूभाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिले.

मग काठाशी आल्यावर ते पलीकडे निरखून बघायला लागले. बघतायत, बघतायत.

"साडूभाऊ, तुमचे ते तपश्चर्या करणारे पाणकावळे कुठे आहेत?" त्यांनी मला विचारलं.

"ते काय समोर!"

"अहो, ते खुंट आहेत. जुन्या धक्क्याचे लाकडी खुंट."

मी चष्मा पुसला, परत बघितलं. "पण तुम्ही तर म्हणाला होतात, मघापासून तेच बघतोय!"

"तुम्ही इतकं रंगवून सांगितलंत की मला त्यांच्या चोचीसुद्धा दिसल्या." मग गंभीरपणे म्हणाले, "उद्या दुकानात या. तुमचा नंबर बदललाय." आणि आम्ही दोघं असे हसलो, असे हसलो की खरी होती ती बदकंसुद्धा उडून गेली. मला वाटलं, पोटात कळ येते की काय. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीच नाही.

ऊन वर आलं तसे उताराकडे गेलो. रात्री गारवा वाढलाय. फुलपाखरं गेली असतील तर? एवढ्या माणसाला एवढी लालूच दाखवून ऑपरेशनला बसवलं आणि उतार रिकामा निघाला तर तोंड कसं दाखवू?

नव्हती गेली. थोडी कमी होती, पण होती. ऊन फुलांवर पडलं आणि एकेक करून उठायला लागली. पांढरी उठली, ती नखाएवढी निळी उठली, आणि मग नारिंगीवाल्यांचा अख्खा थवा. साडूभाऊ रुमाल अंथरल्याशिवाय कधी बसत नाहीत, ते तसेच ओल्या गवतात मांडी घालून बसले. काळा चष्मा थोडा खाली ओढला. एक फुलपाखरू त्यांच्यासमोरच्या फुलावर पंख मिटत-उघडत होतं. साडूभाऊंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मी शेजारी बसलो आणि सवयीनं सुरू झालो. "बघा, नारिंगी आहे, काळी किनार, आणि त्या किनारीत बारीक पांढरे ठिपके, आता बघा सोंड कशी..."

"साडूभाऊ," त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"काय हो?"

"जरा गप्प बसता? मी बघतोय."

बसलो गप्प. कुणी मला गप्प बस म्हणावं आणि मला आनंद व्हावा, हे आजवर झालं नव्हतं. डोळे भरून आले, तेही तसेच वाहू दिले. इतका वेळ हललो नाही की एक पांढरं फुलपाखरू येऊन माझ्या गुडघ्यावर बसलं. जीभ शिवशिवली, सांगावं म्हणून मान वळवली. साडूभाऊ माझ्या आधीच ते बघत होते.